दंवावरचे वाल

विहीणबाई,

आधी एक कबुली देऊन टाकते, म्हणजे पुढचं लिहायला हात मोकळा होईल. तुम्ही हॉस्पिटलात होतात ते एकवीस दिवस मी तुमच्याशी रोज खोटं बोलले. रोज सकाळी गच्चीवरून तुमच्या वालाचा फोटो पाठवायचे आणि खाली लिहायचे, "वेल मजेत. दंवावरच आहेत." ते दंवावर नव्हते. मी रोज टाकीच्या नळाला पाइप लावून पाचही बाटल्या भरत होते.

तुम्हाला जाऊन आता दोन महिने झाले. लोक येऊन गेले, चांगलं बोलून गेले. तुम्ही किती सोसलंत, मिल बंद पडल्यावर एकटीच्या हिमतीवर लेकीला कसं शिकवलंत, ते सगळं बोलून झालं. मला त्यातलं काही लिहायचं नाही. मला वालाबद्दल बोलायचं आहे, आणि पाण्याबद्दल. आपल्या दोघींत आठ वर्षं जे काही होतं ते या दोन गोष्टींतच होतं.

तुमची मयुरी माझ्या निखिलशी लग्न करून मुलुंडला आली, त्या दिवसापासून तुम्ही आमच्या घरी पाण्याचा थेंब घेतला नाहीत. लेकीच्या सासरचं पाणी प्यायचं नाही, हा तुमच्या आईचा नेम आणि तोच तुमचा. काही घरांत नातवंड झालं की तो सुटतो, हे मी सांगून पाहिलं. "आमच्यात नाय सुटत," म्हणालात. घाटकोपरहून येताना पिशवीत स्वतःची बाटली असायची. उन्हातून आलात तरी आधी खुर्चीत बसायचं, मग बाटली काढायची, झाकण उघडायचं आणि माझ्यादेखत गटागटा प्यायचं. चहा नाही, सरबत नाही. ताक मात्र चालायचं. ताकात निम्मं पाणीच असतं, हे मी एकदा लक्षात आणून दिलं, तर म्हणालात, "ते गाईच्या खात्यात."

मी हसले होते, पण मला ते लागायचं. कारण लग्नातली ती गोष्ट मी विसरले नव्हते, आणि तुम्हीही विसरला नसणार असं मला वाटायचं. विहिणीच्या पंगतीत तुम्ही स्वतः तांब्या घेऊन मला पाणी वाढायला आलात आणि मी चार बायकांसमोर म्हटलं, "आम्हाला बाहेरचं पाणी सोसत नाही, बाटलीबंद मागवा." तुमच्या घाटकोपरच्या डोंगरावर पाणी तासभर यायचं आणि ते तुम्ही हंडे लावून वर न्यायचात, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. माहीत असतं तरी बोलले असते कदाचित. विमा कंपनीत बत्तीस वर्षं लोकांच्या अर्जांवर शेरे मारून माझी जीभ तशी झाली होती. तुम्ही तांब्या खाली ठेवलात आणि कुणाला तरी बाटली आणायला पाठवलंत. चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाहीत.

म्हणून एकदा मी सरळ विचारलं होतं, "हा नेम आहे, की राग आहे?"

तुम्ही बाटलीचं झाकण लावत म्हणालात, "दोघं एकाच खोलीत राहतात ओ. भाडं एकच."



गेल्या दिवाळीच्या आधी तुमचं डोंगरावरचं घर पाडलं आणि तुम्ही नव्या टॉवरमध्ये अकराव्या मजल्यावर गेलात. आम्ही पेढे घेऊन आलो. मला वाटलं खूश असाल, चोवीस तास नळ. तुम्ही मला खिडकीपाशी नेऊन बाहेर बोट दाखवलंत. समोर दुसऱ्या टॉवरची भिंत आणि वर आभाळाची एक फट. "इथं दंव पडायचं नाय," म्हणालात. मला कळेना की बाई पाण्याची सोय झाल्यावर दंवाचं काय घेऊन बसल्यात.

मग तुम्ही कपाटातून डबा काढलात. जुना बिस्किटांचा डबा, आत राखेत पुरलेले वालाचे दाणे. तुमच्या गावचं बियाणं. भात कापलं की त्याच शेतात वाल पेरायचे आणि मग त्यांना पाणी म्हणून द्यायचं नाही, जमिनीत उरलेली ओल आणि रात्रीचं दंव, एवढ्यावर ते पोसायचे. तुमच्या आईने जपलेलं, पुढे तुम्ही डोंगरावरच्या घराच्या पत्र्यावर दर वर्षी दोन वेल चढवून जिवंत ठेवलेलं. गावी आता ते शेत नाही, आणि शेजारीपाजारी कुणी ते पेरत नाही. घर बदलायच्या धांदलीत डबा उघडा राहिला आणि आत किडा पडला. चाळून, निवडून, तुम्ही तळहातावर मला दाखवलेत ते नऊ दाणे होते.

"तुमची गच्ची द्या मला थंडीपुरती. एक कोपरा."

मी आमच्या सोसायटीची सेक्रेटरी. तीन वर्षं गच्ची गळली, मग मोठं काम काढून वॉटरप्रूफिंग केलं आणि त्यानंतर मी स्वतः ठराव लिहिला: गच्चीवर मातीची एकही कुंडी ठेवायची नाही आणि टाकीचं पाणी झाडांना वापरायचं नाही. खाली बोर्डावर ती नोटीस माझ्या सहीने लागलेली आहे. मी तुम्हाला तेच ऐकवलं. खरं सांगायचं तर जरा चढ्या आवाजातच ऐकवलं. तुम्ही दुसऱ्या दिवशी बसने मुलुंडला आलात, बोर्डापुढे उभं राहून नोटीस मोठ्याने वाचलीत आणि माझ्याकडे वळून म्हणालात, "माती नको, टाकीचं पाणी नको. बरं. दोन्ही नको."

"मग लावणार कशात?"

"तुमच्या त्या पोराला विचारू," म्हणत तुम्ही बोट दाखवलंत ते आमच्या इमारतीच्या पाइपाकडे. तिसऱ्या मजल्यापाशी जोडाच्या फटीत एक पिंपळ उगवतो. दर वर्षी मी माणूस बोलावून तो कापून घेते, दर वर्षी तो पुन्हा येतो. मी त्याच्यावर इतकी वर्षं चिडत आले. तुम्ही वर बघत म्हणालात, "माती कुठाय त्याला? पाणी कोण घालतंय? तरी बघा कसा हसतोय."

त्या पिंपळाचं खाली पडलेलं एक पान उचलून तुम्ही त्यावर तुमच्या बाटलीतलं पाणी शिंपडलंत. थेंब शिरांवरून मधल्या शिरेत आले, तिथून त्या लांब शेपटाकडे धावले आणि शेपटाच्या टोकावरून एकेक करून एकाच जागी टपकले. पिंपळाचं पान मी जन्मभर पाहिलंय, वहीत ठेवून त्याची जाळी केलीय. ते शेपूट कशासाठी असतं हा प्रश्न मला साठ वर्षांत पडला नव्हता.

पुढचे आठ दिवस तुम्ही माझ्या घराची जी दशा केलीत ती मयुरी अजून सांगते. नाक्यावरच्या कुठल्याशा नेत्याच्या वाढदिवसाचे उतरवलेले बॅनर तुम्ही मागून आणलेत. ते माझ्या हॉलमध्ये अंथरून त्यातून चादरीएवढी पाच पिंपळपानं कापलीत, बांबूच्या कामट्यांच्या शिरा बसवल्यात, शेपटं लांब ठेवलीत. पांढरी बाजू वर आणि नेता खाली. एका पानाखाली नुसत्या मिशा आल्या होत्या. वर कांद्याच्या पिशव्यांची जाळी ताणलीत, कोळ्याच्या जाळ्यावर सकाळी थेंब कसे माळेसारखे धरलेले असतात ते बघून. प्रत्येक शेपटाखाली एक रिकामी बाटली. बाटलीतून वर येणारी जाड वात, तुमच्या आईच्या नऊवारीची फाडून वळलेली. आणि ती वात जिथे जाते तिथे प्लास्टिकच्या टोपल्यात काथ्या भरलेला, बाकी काही नाही. खताला म्हणून गांडूळखत भिजवून गाळलेलं पाणी, पंधरा दिवसांतून एक वाटी.

काथ्या मुरायला म्हणून पहिल्या दिवशी पाणी लागलं ते तुम्ही घाटकोपरहून कॅनमधून आणलंत. मी नळाकडे बोट दाखवलं तर म्हणालात, "तुमचा ठराव हाय ना. आणि लेकीच्या घरचं पाणी मी पीत नाय, तर माझे वाल कसे पितील?"

तिथे आपलं खरं भांडण झालं. मी म्हटलं, "अहो, शेवटचे नऊ दाणे आहेत. हट्ट कसला करता? चार तरी मातीत लावा. मी ठराव बाजूला ठेवते, दोन कुंड्या आणते." तुम्ही ऐकलं नाहीत. म्हणालात, हे बियाणं दंवाचं आहे, त्याला नळाची चटक लावली तर ते वाल राहतील पण हे वाल राहणार नाहीत. मी म्हटलं, मेले तर कुठलेच राहणार नाहीत. तुम्ही म्हणालात, "मेले तर माझे मेले." आणि मला इतका राग आला की मी चावी तुमच्या हातावर ठेवून खाली निघून आले. ते भांडण आपण पुरं केलंच नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही ताक मागितलंत आणि मी दिलं, एवढंच.

नऊ दाण्यांतले पाच रुजले.

त्यानंतरचे ते काही आठवडे माझ्या आयुष्यातले फार चांगले दिवस होते, हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. तुम्ही आठवड्यातून दोन-तीनदा पहिल्या बसने यायचात. मी कुलूप उघडायची. मागे डोंगर, अंगावर शाल, आणि आपण दोघी वाकून बाटल्यांत डोकावतोय. कधी बोटभर, कधी चार बोटं. ढग असले की काही नाही. वारा सुटला की काही नाही. आभाळ उघडं आणि हवा गप्प असली की पानांवर घाम फुटायचा आणि शेपटांवरून टपटप सुरू व्हायची. "ज्याला आभाळ दिसतं त्यालाच दंव मिळतं," हे तुम्ही म्हणालात तेव्हा मला ती तुमच्या खिडकीतली फट आठवली. मी निवृत्त झाल्यापासून सकाळी सातच्या आधी उठले नव्हते. त्या थंडीत मी सहाला जागी असायचे, आणि तुमचा येण्याचा दिवस नसला तरी वर जाऊन यायचे.

मग तुमच्या हृदयाने दगा दिला आणि तुम्ही हॉस्पिटलात गेलात. जाताना मयुरीला औषधांचं विचारलं नाहीत, मला म्हणालात, "बघा हां वेलांकडे. टाकीचं घालू नका. दंवावर सोडा."

पहिल्याच सकाळी आभाळ भरून आलेलं होतं. बाटल्या कोरड्या. पाचही वेलांची पानं खाली लोंबत होती. तुमचा फोन आला, आवाज खोल गेलेला. "किती आलं?" मी त्या कोरड्या बाटलीकडे बघत सांगितलं, "चार बोटं." फोन ठेवला आणि मला धडकी भरली. तुम्ही तिकडे, हे इकडे, आणि डब्यात एकही दाणा शिल्लक नाही. हे माझ्या हातून मेले तर मी तुम्हाला काय तोंड दाखवू? मी गच्चीचं दार आतून लावलं, इकडेतिकडे पाहिलं आणि टाकीच्या नळाला पाइप जोडला. ठराव लिहिणारी मीच आणि तो मोडणारीही मीच. कुंपणानेच शेत खाल्लं.

संध्याकाळी पानं ताठ उभी होती. मग मी थांबते कशाला. रोज भरत गेले, पार गळ्यापर्यंत. वेल असे माजले की कठडा झाकून गेला. मी हौसेने फोटो काढायची, वेगवेगळ्या बाजूंनी, बाटल्यांसकट. फूल मात्र एकही नव्हतं. मला वाटलं, वेळ लागत असेल.

शेवटचं भेटायला आले तो दिवस आता सारखा डोळ्यांपुढे येतो. मी सवयीने माझ्यासाठी घरून फ्लास्क भरून आणला होता. तुमचे ओठ कोरडे पडले होते. तुमची घाटकोपरची बाटली खाटेखाली होती, रिकामी. मयुरी खालच्या मजल्यावर औषधं आणायला गेलेली. मी उठून कॉरिडॉरमधल्या मशीनकडे निघाले, तर तुम्ही माझा हात धरलात.

"तो फ्लास्क हाय ना."

"हे घरचं आहे विहीणबाई. आमच्या टाकीचं. उकळलेलं आहे, पण..."

"द्या."

मी झाकणात थोडं ओतून तुमच्या ओठांना लावलं. तुम्ही घोट घोट करून प्यायलात. पुन्हा झाकण पुढे केलंत. मग उशीवर डोकं टेकून माझ्याकडे बघत राहिलात आणि म्हणालात, "गोड हाय तुमच्या टाकीचं पाणी. कुणाला पण चटक लागेल." आणि हसलात. मला वाटलं, एवढ्या आजारपणातही बाई चेष्टा सोडत नाही. मीही हसले. तुम्ही कशाला हसत होतात ते मला तेव्हा उमगलं नाही.

आठ वर्षांत मी तुम्हाला पाजलेलं पाणी एवढंच. त्या दिवशी नेम मोडला की राग गेला, हे विचारायचं माझ्याकडून राहून गेलं. लग्नातल्या त्या तांब्याबद्दल तुमची माफी मागायची तीही राहिली. चार दिवस आणखी मिळाले होते, मी रोज येत होते, आणि रोज वाटायचं की आज नको, आज त्यांना दम लागलाय. आता इथे मागते. माझं चुकलं, विहीणबाई. तुम्ही वाढलेलं पाणी मी प्यायला हवं होतं.

तुम्ही गेल्यावर माझं गच्चीवर जाणं सुटलं. मयुरी बोलत नव्हती, जेवत नव्हती, नुसती भिंतीकडे बघत बसायची. मी तिच्याशेजारी बसून राहायचे. गच्चीची चावी खिळ्याला होती, दिवसातून दहा वेळा दिसायची, आणि माझी हिंमत होत नव्हती. वर गेले तर कुणाला फोटो पाठवू? पाणी घालायचं मनातही आलं नाही. तेरावा झाला. चौदाव्या दिवशी टाकी साफ करणारा माणूस आला आणि त्याने चावी मागितली, म्हणून त्याच्याबरोबर मला जावं लागलं.

जिना चढताना मी मनाची तयारी करत होते. चौदा दिवस कोरडे. वेल वाळून काड्या झाले असणार. तुमचे दाणे संपले, आणि ते मी संपवले.

खालची निम्मी पानं खरंच पिवळी पडून गळली होती. माजलेला सगळा पसारा उतरला होता. आणि जे उरलं होतं त्यावर, पाचही वेलांवर, फुलं होती. जांभळट पांढरी, देठादेठाला उभी. एका पिंपळपानाच्या शेपटावरून थेंब पडत होते, त्यांचा आवाज येत होता. बाटलीत बोटभर पाणी होतं. ती बॅनरची पानं चौदा रात्री आपलं आपण पाणी धरत राहिली होती. त्या टाकीवाल्याने विचारलं, "मॅडम, ये क्या लगाया है?"  मी वाकून एकेका बाटलीत बोट बुडवून पाहत होते.

म्हणजे मी तुम्हाला जे खोटं सांगत होते ते तुम्ही गेल्यावर खरं झालं. हे मला फार लागलं. वाटायचं, एवढं तरी तुम्हाला खरं कळून जायला हवं होतं. तुम्ही खोट्या फोटोंवर समाधान मानून गेलात, आणि ते समाधान मी तुम्हाला नळातून काढून दिलं होतं. रात्री जेवताना मयुरीला सांगावं असं दहादा मनात आलं. तोंड उघडलं नाही.

गेल्या रविवारी तिनेच तुमचा फोन आणून माझ्यापुढे ठेवला. ती तो रोज चार्ज करून ठेवते. तुमचे आवाज ऐकते, टाइप करायचा कंटाळा म्हणून तुम्ही तिला बोलून पाठवायचात ते. भाजीत मीठ किती, निखिलला खोकला आहे तर काय दे, असले. मग म्हणाली, "आई, एक ऐकवू तुम्हाला? मम्मीने सांगितलं होतं, सांगायचं नाही म्हणून. पण आता काय."

आणि तुमचा आवाज आला, धापा टाकत, मध्ये मध्ये हसत.

"मयू, तुझ्या सासूबाई वेलांना टाकीचं पाणी पाजतायत. फोटोत बघ, बाटली गळ्यापर्यंत भरलेली हाय. दंवाने कधी बाटली गळ्यापर्यंत भरेल काय? बोलू नको हां त्यांना काय. जीव लागलाय त्यांचा, लागू दे. पानं सुटलीयत नुसती, असं फूल नाय धरायचं. पण मी गेले की त्या बसतील रडत आठ-पंधरा दिवस, आणि पाणी घालायचं विसरतील. मग धरेल."

मी आधी हसले. इतकी हसले की निखिल आतून धावत आला. मग मला रडू आवरेना आणि मयुरीलाही आवरेना, आणि आम्ही दोघी त्या फोनच्या दोन बाजूंना बसून रडलो. ती तुमच्या मागे पहिल्यांदाच अशी मोकळी रडली. म्हणजे तेही तुमच्याच हातून झालं.

मी बत्तीस वर्षं लोकांचे खोटे दावे पकडले. एका फोटोतली बाटली पाहून तुम्ही मला पकडलंत आणि एकवीस दिवस सुटू दिलंत. रोज विचारायचात, "किती आलं?" आणि मी सांगितलं की म्हणायचात, "झकास." मी तुम्हाला फसवतेय म्हणून मला अपराधी वाटत होतं आणि तुम्ही तिकडे खाटेवर पडून माझी गंमत बघत होतात. पण एक गोष्ट मला अजून कळत नाही. ते शेवटचे दाणे होते. माझ्या पाण्याने मुळं कुजली असती तर? मयुरीला विचारलं, कुठे जपून ठेवले होते का आणखी? नाही म्हणाली. तुम्ही सगळेच्या सगळे माझ्या हातात सोडले होते, मी चुकतेय हे दिसत असताना. माझ्या रडण्यावर तुमचा एवढा भरवसा होता, हे मला आधी माहीत असतं तर मी तुमच्याशी जरा बरी वागले असते.

आता शेंगा वाळल्या आहेत. काल पहिल्या काढल्या. मयुरीने ताटात सोलल्या आणि आम्ही मोजले: बावन्न दाणे, अजून वेलावर आहेत ते वेगळे. निखिलला बिरडं हवं होतं, त्याला म्हटलं पुढच्या वर्षी. दाणे उन्हात तापवून राखेत घातले, डब्याचं झाकण मी दोनदा तपासलं. दहा दाणे मयुरीने बाजूला काढलेत. तुमच्या टॉवरच्या गच्चीला कुलूप असतं, त्या सेक्रेटरीला ती भेटणार आहे. मी म्हटलं, मला ने बरोबर, सेक्रेटरीशी कसं बोलायचं ते मला चांगलं ठाऊक आहे.

आमच्या पुढच्या मीटिंगमध्ये मी ठराव दुरुस्त करायला मांडते आहे. माती नको, टाकीचं पाणी नको, हे तसंच राहील. खाली एक ओळ वाढेल, की या दोन्हींशिवाय ज्याला जे पिकवता येईल ते त्याने पिकवावं आणि गच्चीची चावी सकाळी सहापासून मिळेल. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी आत्तापासूनच एक पिंपळपान मागून ठेवलंय, त्यांना मेथी लावायची आहे. टाकीच्या पाण्याची चोरी सेक्रेटरीनेच केली, हे मी इतिवृत्तात लिहिणार आहे. तळमजल्यावरचे काका वर्षभर ते पुरवून पुरवून सांगतील. सांगू देत. आणि पाइपावरचा तो पिंपळ या वर्षी कापणार नाही. मुळासकट काढून मागच्या डोंगराच्या पायथ्याशी लावायचा, असं ठरलंय.

आज सकाळी वर गेले. थंडी सरत आली आहे, दंवाचे आता थोडेच दिवस राहिलेत. आभाळ उघडं होतं, वारा नव्हता. बाटलीत पाणी होतं, बरोबर बोटभर. मी फोटो काढला, बाटली नीट दिसेल असा, आणि खाली लिहिलं, "हा खरा आहे." सवयीने तुमच्याच नंबरवर पाठवला.

खाली आले तर आतल्या खोलीत, मयुरीच्या उशाशी, तुमचा फोन उजळलेला होता. ती तो हातात घेऊन बघत होती. मला दारात पाहून म्हणाली, "झकास."

तुमची,
विहीण